सापडलं आहे, एवढंच

"लक्ष द्या, लक्ष द्या. एक मुलगी सापडली आहे. वय अंदाजे चार वर्षं. रंग सावळा. केस बारीक कापलेले. अंगात पिवळा फ्रॉक, फ्रॉकला हिरवी किनार. मुलगी शांत आहे, बोलत नाही. ज्या कोणाची असेल त्यांनी ताबडतोब स्टेजपाशी येऊन घेऊन जावी. धन्यवाद. बाकी खिचडीच्या रांगेत ढकलाढकली करू नये. खिचडी भरपूर आहे."

या अनाउन्समेंटमध्ये एक शब्दही खोटा नव्हता. खिचडीसुद्धा खरोखरच भरपूर होती. घोटाळा झाला तो त्यामुळेच.

रेणू तेव्हा फाटकातून आत येत होती. ऐकता ऐकता ती चिखलात तशीच थांबली.

दोन हजार सालचा ऑगस्ट. हुसेनसागराचा नाला फुगला आणि नाल्याकाठच्या वस्त्या अंगावरच्या कपड्यांनिशी नारायणगुड्यातल्या या शाळेच्या मैदानात येऊन बसल्या. मैदानात मराठी मंडळाचा गणेशोत्सवाचा मांडव आधीच उभा होता. गणपती यायचे होते. त्यांच्या जागी खिचडीचं पातेलं होतं आणि पातेल्यामागे थर्माकोलची हायटेक सिटी, कारण यंदाचा देखावा तोच ठरला होता. तिचे वरचे मजले ओले होऊन लोंबत होते. खाली अमीरपेठेतल्या कुठल्याशा कॉम्प्युटर क्लासचा भलामोठा बॅनर अंथरला होता. 'जावा शिका' यावर म्हाताऱ्या झोपल्या होत्या आणि 'अमेरिका' या शब्दावर पोरं लोळत होती.

रेणूची संस्था पुराच्या छावण्यांमधल्या मुलांचं बघत असे. कोणतं मूल एकटं आहे, ते कोणाच्या हाती जातंय, नेणारा खरंच त्याचा आहे का. या बाजूच्या तीन छावण्या तिच्याकडे. इथे ती पहिल्यांदाच येत होती.

ती थेट स्टेजवर चढली आणि म्हणाली,

"लक्ष द्या, लक्ष द्या. एक चप्पल सापडली आहे. डाव्या पायाची."

हे ती म्हणाली नाही. हे माईकवाले प्रभाकरराव म्हणाले. या छावणीत कोणाचंही बोलणं सलग पुरं होत नसे. मधे माईक घुसायचा, आणि माणसं आपलं वाक्य हातात धरून थांबायची, पाहुणे उठेपर्यंत चहाचा कप धरून बसावं तशी.

चप्पल संपल्यावर रेणू म्हणाली, "काका, जरा बंद करता का?"

"कैको?" प्रभाकररावांनी विचारलं. हायकोर्टातून निवृत्त झालेला माणूस, पण गल्लीत त्यांची ओळख आवाजाची. विसर्जनाच्या मिरवणुकीत पोर हरवलं की लोक पोलिसांकडे न जाता प्रभाकररावांकडे जात. कपडे, केस, वय, बोबडे बोल, सगळं ते असं रंगवून सांगत की आई गर्दीतून रडत-हसत येई आणि स्टेजवर चढून पोराला आधी एक चापट मारी.

"तुम्ही मुलीचं सगळं वर्णन सांगून टाकलंत. आता जो कोणी येईल त्याला मी विचारू काय?"

"विचारायचं कशाला? माझी आहे म्हणेल, नेईल."

"त्याचीच भीती वाटते मला. मिरवणुकीत आई हाकेच्या अंतरावर असते, काका. मूल तिला बघून धावतं. इथे आई कुठे आहे, आहे का, तेच कुणाला माहीत नाही."

"म्हणजे लोक खोटं बोलून पोरं नेतात म्हणायचं तुला?"

"नेतात. आणि कधी कधी खरं बोलून चुकीचं पोर नेतात."

प्रभाकररावांनी तिच्याकडे वरून खाली पाहिलं. "तू नामदेवरावांची ना? अफझलगंजातल्या गुळवाल्यांची?"

"हो."

"तरीच," ते म्हणाले. "गंजातली माणसं गुळाची ढेप फोडून बघितल्याशिवाय पैसे देत नाहीत." आणि आपल्याच विनोदावर खूश होऊन त्यांनी माईक पुन्हा सुरू केला.

*

मुलं मागच्या वर्गात होती. रेणूने दार लोटलं आणि तिला आधी काही कळेचना. पाच-सहा पोरं, लहान-मोठी, सगळी पिवळ्या फ्रॉकमध्ये, सगळ्यांना हिरवी किनार. एक तर मुलगा होता आणि तोही त्याच पोशाखात, संतापून कोपऱ्यात बसलेला.

"चिखलाने माखलेली होती हो," शैलाताई म्हणाल्या. मंडळाच्या महिला विभागाच्या त्या प्रमुख. "सूर्यफुलांच्या नाचाचे फ्रॉक शिवून तयारच होते. म्हटलं नाच काय, पुढच्या वर्षी होईल. गरम पाण्याने आंघोळी घातल्या, उवा झाल्या होत्या त्यांचे केस कापले. बघा आता, ओळखू येतात का?"

"नाही," रेणू म्हणाली.

शैलाताईंना ही शाबासकी वाटली.

"यांचे पहिले कपडे?"

"ते कसले कपडे. चिंध्या. टाकून दिले कालच, कचऱ्याच्या गाडीत."

रेणूने डोळे मिटले आणि उघडले. या बाईला रागवून काही उपयोग नव्हता. तिचे हात साबणाने सोललेले होते.

त्यातली पाच पोरं आपापली नावं, वस्तीची नावं, आजीची नावं सांगू शकत होती. त्यांची माणसं आज ना उद्या मिळाली असती. प्रश्न होता तो खिडकीखाली बसलेल्या सहाव्या मुलीचा. बोटीतून कोणीतरी आणून सोडलेली. कोणी, ते आणणाऱ्यालाही आठवत नव्हतं. हातोहात आली होती. तेलुगूत विचारा, उर्दूत विचारा, मराठीत विचारा, ती ऐकून घ्यायची आणि खिडकीबाहेर बघायची. शैलाताईंनी तिचं नाव तात्पुरतं बाहुली ठेवलं होतं.

जेवणाच्या वेळी शैलाताई ताट घेऊन तिच्यासमोर बसल्या. हा घास चिऊचा, हा घास काऊचा. मुलीने चिऊ-काऊकडे लक्षच दिलं नाही. तिने ताट स्वतःकडे ओढलं, खिचडीचे लिंबाएवढे ढीग केले, ताटाच्या कडेने एका ओळीत लावले आणि हात मांडीवर ठेवून बसली. खाल्लं नाही की रडली नाही, नुसती थांबली. पुढचं काहीतरी दुसऱ्या कोणीतरी करायचं होतं.

"खेळतेय मेली," शैलाताई प्रेमाने म्हणाल्या. त्यांनी ढीग मोडले, कालवले, घास पुढे केला. मुलीने ओठ घट्ट मिटले. शेवटी दूध प्यायली तेवढंच.

रेणूने हे पाहिलं आणि कोणाला सांगितलं नाही. दारातून प्रभाकररावांनी डोकावून विचारलं, "काही खूण सापडली का आणखी? तीळ, भाजल्याचा डाग? सांग, लगेच बोलतो."

"काही नाही, काका," रेणू म्हणाली. वडीलधाऱ्या माणसाशी ती इतकं स्वच्छ खोटं बोलली आणि तिला मुळीच वाईट वाटलं नाही.

*

आता भाग्यलक्ष्मी.

तारनाक्याच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये राहणारी, चाळिशीची, नेटकी बाई. तिची धाकटी बहीण नाल्याकाठी राहायची. बहीण हॉस्पिटलात होती, अजून शुद्धीवर आली नव्हती, आणि बहिणीची चार वर्षांची पोर कुठेच नव्हती. भाग्यलक्ष्मी छावण्यांमागून छावण्या हिंडत होती. या फाटकापाशी आली आणि माईकवरून प्रभाकररावांचा आवाज तिच्या कानात शिरला. वय चार. सावळी. पिवळा फ्रॉक.

ती पळत आली. बाकीची पोरं तेव्हा मागच्या व्हरांड्यात जेवायला बसली होती. वर्गात शिरून तिने खिडकीखालच्या मुलीला उचललं, छातीशी धरलं आणि रडायला लागली. तिच्या रडण्यात काहीही खोटं नव्हतं. शैलाताईंचे डोळे भरून आले. दारात गर्दी झाली. प्रभाकरराव माईक हातात घेऊनच आले, लांब वायर ओढत, आणि म्हणाले, "बघ रेणू. आली की नाही?"

मुलगी भाग्यलक्ष्मीच्या खांद्यावरून खिडकीबाहेर बघत होती.

बोलणं तेलुगूत झालं. रेणूला तेलुगू वडिलांच्या दुकानावरच्या गिऱ्हाइकांनी शिकवलं होतं, त्यामुळे तिच्या तेलुगूत घासाघीस जास्त आणि मार्दव कमी.

"तुम्ही शेवटचं कधी पाहिलं हिला?"

"वर्ष झालं. जास्तच." भाग्यलक्ष्मीने मान खाली घातली. "बहिणीशी माझं पटत नव्हतं. तिच्या नवऱ्यावरून. तेव्हा वाटलं होतं, येईल आपणहून."

"मग ओळखलंत कशावरून?"

"ओळखणार नाही? माझं रक्त आहे. आणि हा फ्रॉक. हा मीच घेतला होता तिला, उगादीला. हिरवी किनार मीच पसंत केली."

शैलाताईंनी तोंड उघडलं. रेणूने त्यांच्या पायावर हलकेच पाय ठेवला. शैलाताईंनी तोंड मिटलं आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी वेगळं दिसलं, दुधाखाली गॅस चालू राहिल्याचं आठवावं तसं.

"तिला भूक लागली असेल," रेणू म्हणाली. "भरवता का?"

ताट आलं. मुलीने ढीग केले. कडेने ओळीत लावले. हात मांडीवर. भाग्यलक्ष्मीने रडता रडता सगळं कालवून एक घास केला आणि 'तिन अम्मा, तिन' म्हणत पुढे धरला. ओठ घट्ट.

यावरून काही सिद्ध होत नव्हतं, हे रेणूला कळत होतं. पाण्यातून आलेलं मूल आईच्या हातूनही जेवणार नाही कदाचित. ही बाई खरी मावशी असेल, तर रेणू एका अनाथ होऊ घातलेल्या पोरीला तिच्या एकुलत्या एक धडधाकट माणसापासून तोडत होती. नसेल, तर आज संध्याकाळी ही पोर तारनाक्याला जाईल, नवं नाव घेईल आणि तिचं खरं माणूस आयुष्यभर छावण्या हिंडत राहील. दोन्हीतलं एकच खरं होतं, आणि सगळं मैदान तिच्याकडे बघत होतं.

समोरच्या एसटीडी बूथवर तिच्या नावाचा फोन आला म्हणून कोणी सांगत आलं. साहेब, अविनाश. "रेणू, आज एक तरी पोर घरच्यांना दिल्याचा फोटो पाहिजे. पेपरवाले निघालेत. तिथे एक मावशी आली आहे असं ऐकलं."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"अगं, फोन धरून थांबलो तेवढ्यात कळलं. तुमचा माईक बूथपर्यंत ऐकू येतो."

ती परत आली. प्रभाकरराव माईक धरून उभेच होते आणि त्यांनी तो मोठ्या कौतुकाने तिच्या तोंडापुढे धरला, चार शब्द बोल म्हणून. रेणूने सांगायचं ते एकदाच आणि सगळ्यांनाच सांगून टाकावं असं ठरवलं. ती म्हणाली, "ऐका. आज मी ही मुलगी देणार

*

वीज गेली.

*

मैदानाने 'देणार' एवढंच ऐकलं आणि टाळ्या वाजवल्या. कोणीतरी नारळ आणायला पळालं. भाग्यलक्ष्मी रेणूच्या पाया पडायला वाकली. रेणूने तिला दंडाला धरून उठवलं आणि उरलेला शब्द तिच्या तोंडावर, माईकशिवाय, हळू आवाजात सांगावा लागला.

"नाही. आज नाही, अक्का."

टाळ्या कशा थांबतात ते रेणूने पहिल्यांदा ऐकलं. पुढून थांबत मागे गेल्या; मागच्यांना कळायला वेळ लागला.

"दगड आहे बाई."

"लेकरू असतं पदरी तर कळलं असतं."

"ह्या संस्थावाल्यांना पोरं जास्त दाखवली की पैसे जास्त मिळतात. हौ, सच्ची बोलरा मैं."

"मला लिहून घ्या काय लिहायचं ते," भाग्यलक्ष्मी म्हणाली, "रेल्वेचं कार्ड ठेवून घ्या. माझी बहीण डोळे उघडेल तेव्हा मी काय दाखवू तिला?"

रेणू म्हणाली, "तुम्ही इथेच थांबा. मुलीजवळ बसा. तिला कोणी नेणार नाही, तुमच्याशिवायही नाही आणि तुमच्याबरोबरही नाही. एवढं मी सांगते."

*

(वीज नाही, म्हणून या भागात माईक नाही. माणसं आपली वाक्यं पुरी करतात.)

स्टेजच्या मागे, थर्माकोलच्या हायटेक सिटीच्या सावलीत, प्रभाकरराव रुसून बसले होते. रेणू शैलाताईंना घेऊन तिथे गेली.

"सांगा," रेणू म्हणाली.

"अहो, फ्रॉक आपला आहे," शैलाताई म्हणाल्या. "सूर्यफुलांच्या नाचातला. शिंप्याकडून मीच आणला गेल्या आठवड्यात."

प्रभाकररावांनी मान वर केली.

"केसही मीच कापले. चांगले कमरेपर्यंत होते, गुंता झालेला. आणि पोर शांत आहे म्हणता, ती घरी शांत असते का, कोणाला ठाऊक? इथे येऊन झाली असेल."

प्रभाकररावांनी चष्मा काढला. पुसला. घातला नाही. "म्हणजे मी दिवसभर आपलंच वर्णन करत होतो."

"हो," रेणू म्हणाली.

"आणि ती बाई? खोटारडी?"

"नाही काका. तिला भाची नीट आठवत नाही आणि त्याचं तिला मरणाचं वाईट वाटतंय. तुमचा आवाज आला आणि तिच्या भाचीच्या अंगात पिवळा फ्रॉक आला. उगादीला घेतलेला. आता तिला तो दुकानासकट आठवतोय."

थर्माकोलचा एक मजला सुटून हळूच खाली आला.

"मग करायचं काय?" प्रभाकररावांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी गेल्या कित्येक गणपतींत कोणाला विचारला नव्हता.

"अनाउन्समेंट करायची. तुमच्याच आवाजात. पण मुलीबद्दल एक शब्द नाही. ज्यांचं मूल हरवलंय त्यांनी आत यावं, बसावं, चहा घ्यावा आणि त्यांनी आपल्याला सांगावं. आपण ऐकायचं."

"नाव नाही, वय नाही, कपडे नाहीत. ही काय अनाउन्समेंट झाली, रेणू? पत्रिकेत 'एक लग्न आहे, या' एवढंच छापल्यासारखं."

"हौ. तसंच."

'हौ' ऐकून त्यांना हसू आलं. "गंजातली," ते म्हणाले, पण या वेळी त्यात कौतुक होतं.

*

वीज आली.

"लक्ष द्या, लक्ष द्या. इथे..." माईकवर एक मोठा श्वास ऐकू आला. सवयीने जिभेवर आलेला पिवळा फ्रॉक प्रभाकररावांनी गिळला. "इथे मुलं सापडली आहेत. एवढंच. ज्यांचं मूल हरवलं असेल त्यांनी आत यावं. आधी कुठे ऐकलं, काय ऐकलं, ते विसरून यावं. आधी येऊन गेला असाल तरी परत या. आत बसा. चहा आहे. तुमच्या मुलाबद्दल तुम्ही आम्हाला सांगा. आम्ही ऐकतो."

हेच मग त्यांनी तेलुगूत आणि उर्दूत सांगितलं. उर्दूत जरा जास्तच नजाकत आली.

लोक आले. चहाच्या बाकावर शैलाताई बसल्या आणि लोकांनी सांगितलं. एका आजोबांनी नातवाबद्दल इतकं सांगितलं की कोपऱ्यातला संतापलेला मुलगा तो हाच, हे शैलाताईंना तिसऱ्या वाक्यालाच कळलं. तरी त्यांनी चेहरा कोरा ठेवून शेवटपर्यंत ऐकलं आणि मग रेणूकडे बघितलं. एका माणसाने हरवलेल्या शेळीबद्दल सांगितलं. शेळीचंही ऐकून घेतलं.

मग खाकी कपड्यांतला एक माणूस फाटकापाशी घुटमळताना रेणूला दिसला. आत यावं की नाही असं चाललेलं. तीच पुढे गेली.

सिटी बसचा कंडक्टर होता. नाव अप्पाराव. पाणी आलं तेव्हा ड्युटीवर. बायकोचा पाय मोडला होता, प्लास्टरमध्ये होती. तिने छपरावरून पोर बोटीतल्या हातांत दिली होती आणि ते हात कोणाचे ते तिला दिसलं नव्हतं.

"मी येऊन गेलो इथे," तो म्हणाला. "सकाळीच. इथेच उभा होतो. माईकवर सांगत होते, पिवळा फ्रॉक, केस कापलेले, शांत मुलगी. म्हटलं आपली नाही. गेलो. आता परत इथून जात होतो तर म्हणतात, आधी ऐकलं ते विसरा. म्हटलं, असं कधी कोणी म्हणत नाही."

रेणूने त्याला बाकावर बसवलं. भाग्यलक्ष्मी तिथून दिसत होती, वर्गाच्या दारात, मुलीचं डोकं मांडीवर घेऊन.

"तुमच्या मुलीबद्दल सांगा."

"कविता नाव. चार पुरी होतील दसऱ्याला. निळा झगा होता अंगात. केस हे एवढे, कमरेपर्यंत. यादगिरिगुट्ट्याच्या देवाला केस द्यायचा नवस आहे, म्हणून कात्री लावलेली नाही." त्याने कपाळ पुसलं. "आणि शांत तर मुळीच नाही हो, मॅडम. तोंड म्हणजे फुल लोड बस. थांबतच नाही."

शैलाताईंनी रेणूकडे पाहून मान हलवली. निळा झगा, लांब केस, बडबडी. बाहुलीतलं यात काही नव्हतं. मग त्यांना आठवलं की ते केस आपणच कापले, बाहुलीतलं बाहुलीचं असं काहीच उरलेलं नाही, आणि मान मधेच थांबली.

रेणूने आवाज अगदी साधा ठेवला. "जेवते कशी?"

अप्पाराव पहिल्यांदाच हसला, थकलेलं हसू. "जेवतच नाही. बस चालवावी लागते. मीच सवय लावली. ताटाच्या कडेने भाताचे स्टॉप मांडते. मग मी कंडक्टर. अफझलगंज म्हटलं की पहिला घास. स्टॉप आल्याशिवाय तोंड उघडत नाही. तिची आई वैतागते, मी ड्युटीवर असलो की पोर उपाशी."

रेणूने चहाचा कप खाली ठेवला.

"या," ती म्हणाली.

*

ताट आलं. या वेळी रेणूने कोणाला दारात उभं राहू दिलं नाही. फक्त भाग्यलक्ष्मी तिथेच होती, तिला उठ म्हणणं रेणूला जमलं नाही. अप्पाराव आत आला. खिडकीखाली एक केस कापलेली, पिवळ्या फ्रॉकातली मुलगी खाली मान घालून ताटाच्या कडेने ढीग मांडत होती. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि क्षणभर त्यालाही ओळख पटली नाही. बापाला. हे रेणू पुढे कधी विसरली नाही.

मग त्याने ढिगांची ओळ पाहिली.

तो गुडघ्यांवर बसला. दोन बोटं ओठांशी नेऊन त्याने शिट्टी वाजवली, हळू, वर्गापुरती.

मुलीची मान वर आली.

"अफझलगंज, अफझलगंज," तो म्हणाला. आवाज फाटका निघाला, पण चाल तीच, रोजची. पहिला ढीग त्याने बोटांनी उचलला. "चढा लवकर. टिकट?"

मुलीने तळहात पुढे केला. त्याने त्यावर चिमटीने तिकीट फाडल्यासारखं केलं. तिने मूठ मिटली आणि तोंड उघडलं.

कोठी. नारायणगुडा. नल्लाकुंटा. विद्यानगरला घास जरा मोठा झाला, तिने तो गालात सरकवला आणि भरल्या तोंडाने, चिडून, म्हणाली, "रैट रैट बोल ना, नाना."

"रैट रैट," अप्पाराव म्हणाला आणि मग त्याला पुढचं बोलता येईना. शेवटचा ढीग ताटात राहिला. मुलीने वाट पाहिली. मग तिने तो स्वतःच उचलला, बापाच्या तोंडात घातला आणि त्याला समजावून सांगितलं, "तारनाका. लास्ट स्टॉप. आता उतर."

त्यानंतर ती जी बोलायला लागली ती कागदपत्रं होईपर्यंत, अविनाशसाहेब येईपर्यंत, फोटोवाला थांब थांब म्हणेपर्यंत बोलतच राहिली. शैलाताई एक पिशवी घेऊन आल्या. नाल्या तुंबल्यात म्हणून कापलेले केस त्यांनी फेकले नव्हते. ती पिशवी त्यांनी अप्पारावच्या हातात दिली. त्याने आत पाहिलं, मग मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला.

"चालेल," तो म्हणाला. "न्हाव्याचे पैसे वाचले. देवाला सांगतो, आधीच कापून आणलेत."

*

भाग्यलक्ष्मी अजून दारातच बसली होती. मांडी रिकामी होती आणि साडीवर मुलीच्या डोक्याएवढी चुरगळ राहिली होती.

"मी खोटं नव्हते बोलत," ती म्हणाली.

"मला ठाऊक आहे."

"तो फ्रॉक मला अजूनही आठवतोय."

रेणू तिच्या शेजारी जमिनीवर बसली. शैलाताईंनी दोघींना चहा आणून दिला. "अक्का, फ्रॉक जाऊ द्या," रेणू म्हणाली. "मला तुमच्या भाचीबद्दल सांगा. माईकवरचं काही नको. तुमच्याकडचं."

"वर्ष झालं. काय आठवणार?"

"जे आठवेल ते."

भाग्यलक्ष्मीने चहा घेतला नाही, नुसता धरला. कपाकडे बघत म्हणाली, "हनुवटीखाली खोकेचा व्रण आहे. जात्याच्या दगडावर पडली होती, माझ्याच घरी. त्यावरूनच भांडण वाढलं." मग जरा थांबून, "कुत्र्याला घाबरते. पण मांजर दिसलं की त्याला वाघ म्हणते आणि हात कपाळाला नेते. आमच्या शेजारणीच्या मांजराला रोज नमस्कार." तिच्या तोंडावर हसू आलंच. "डावरी आहे. डाव्या हाताने नमस्कार करू नको म्हणून मी तिला रागवायचे. एका हाताचा नमस्कार, मॅडम, कोणी केलेला पाहिलाय?"

रेणू उठून एसटीडी बूथवर गेली. तिच्या मलकपेठच्या छावणीतल्या बाईला तिने एवढंच विचारलं की तुमच्याकडच्या लहान मुलींमध्ये कोणाच्या हनुवटीखाली काही आहे का. पलीकडून बाई बघायला गेली. मीटरवरचे आकडे लाल दिव्यात पळत होते. बाई परत आली आणि तिने जे सांगितलं ते रेणूने ऐकलं. फोन ठेवला. बूथच्या आरशात तिला स्वतःचा चेहरा दिसला, आणि असा चेहरा घेऊन मैदानात जाता येणार नाही हे तिच्या लक्षात आलं. ती तिथेच थोडा वेळ थांबली, चेहरा नेहमीचा होईपर्यंत.

"चला अक्का," ती परत येऊन म्हणाली. "मलकपेठला जाऊ. तिथे गेल्यावर आत्ता मला सांगितलंत तेच सगळं परत सांगायचं. मांजरासकट."

"सापडली?"

"मी काही म्हटलं नाही."

भाग्यलक्ष्मीने तिच्याकडे निरखून पाहिलं. रेणूने मान वळवून रिक्षाला हात केला. रिक्षा थांबली, दोघी आत बसल्या, आणि मागून, नारायणगुड्याच्या त्या ओल्या मैदानावरून, प्रभाकररावांचा आवाज चौकापर्यंत त्यांच्याबरोबर आला:

"लक्ष द्या, लक्ष द्या. एक चप्पल सापडली आहे. कोणत्या पायाची, ते सांगणार नाही. तुम्ही सांगा."